डिस्प्ले नाही

२०२३ साली अधिक श्रावण आला आणि दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. अक्षरजुळणी करणाऱ्यांच्या हातात अशा वर्षी चार दिवस जास्तीचे पडतात. ऑगस्टच्या अखेरीला माझ्याकडे दोन दिवाळी अंकांची पानं लागत होती आणि एका ज्येष्ठ लेखिकेच्या आत्मचरित्राचं तिसरं प्रूफ पडून होतं. शनिवार पेठेतल्या वाड्यात माडीवरची एक खोली, खिडकीपाशी टेबल, टेबलाखाली २०१६ साली एका डीलरकडून जुळवून घेतलेला संगणक. त्या सकाळी बटण दाबलं. पंखा फिरला, निळा दिवा लागला आणि पडदा काळाच राहिला.

या डब्यावर ज्यांचं पोट आहे त्यांना हे दोन शब्द चांगले ठाऊक असतात: डिस्प्ले नाही. ताप आलाय म्हणण्यासारखंच ते. रॅम सैल झाली की डिस्प्ले जातो, एसएमपीएस थकला की जातो, बोर्ड उडाला की जातो, कधी मॉनिटरची केबल नुसती हलली तरी जातो. नेमकं काय झालंय ते शोधणं हेच खरं काम, आणि माझी पुढची सगळी ओढाताण त्या शोधण्याभोवतीच झाली.

घराजवळच्या दुकानातला मुलगा येऊन डबा घेऊन गेला. आठ दिवसांनी फोन आला, “मॅडम, बोर्ड गेलाय.” त्या पिढीचा नवा बोर्ड बाजारात मिळत नाही, वापरलेला चालू बोर्ड बसवावा लागेल, सगळे मिळून ८,४०० रुपये. मी हो म्हटलं. नाही म्हणायला आपल्याला थोडं तरी कळावं लागतं, आणि वीस वर्षं संगणकावर बसूनही त्या डब्याच्या आत मी कधी डोकावले नव्हते. डबा परत आला तेव्हा डिस्क कोरी होती. “विंडोज फ्रेश मारून दिलंय,” मुलगा म्हणाला. मला कुणी विचारलं नव्हतं. बोर्ड बदलला तरी बहुतेक वेळा जुन्याच डिस्कवरून विंडोज सुरू होतं, फार तर परवाना पुन्हा चालू करून घ्यावा लागतो, हे मला फार पुढे कळलं. रोज रात्री पेनड्राइव्हवर प्रत उतरवायची सवय होती म्हणून दोन्ही अंक वाचले. आत्मचरित्राच्या तीन दिवसांच्या दुरुस्त्या मात्र प्रत काढायच्या राहिल्या होत्या. एक्याऐंशी वर्षांच्या बाईंनी थरथरत्या हाताने कागदावर केलेल्या खुणा मी पुन्हा पहिल्यापासून उतरवत बसले.

पैशांचं मला तितकं लागलं नाही. लागलं ते हे, की मला कुणी काही दाखवलं नाही. जुना बोर्ड मागितला तर तो “एक्स्चेंजमध्ये गेला” होता. स्कूटरचा मेकॅनिक झिजलेले ब्रेक शू हातावर ठेवतो, चांभार उसवलेली शिवण बोटाने दाखवतो, घड्याळवाला भिंग पुढे करतो. इथे एक बंद डबा गेला, एक बंद डबा आला आणि मधल्या आठ दिवसांचं बिल आलं.

तीन आठवड्यांनी, ऐन पानं बांधायच्या दिवसांत, संगणक दुपारी आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागला. एकदा, मग तासाला एकदा, मग पीडीएफ काढायला घेतली की हटकून. या वेळी आमच्या मुद्रकांनी सांगितलं, “त्या दुकानात नको. तपकीर गल्लीत काका आहेत, त्यांना दाखव.”

बुधवार पेठेतली तपकीर गल्ली म्हणजे पुण्याचा विजेचा बाजार. ऑक्टोबरात तिथे पाय ठेवायला जागा नसते: दिव्यांच्या माळा, वायरींची भेंडोळी, एलईडीच्या पट्ट्या. मांडीवर डबा घेऊन मी रिक्षाने गल्लीच्या तोंडाशी उतरले आणि एका अंधाऱ्या जिन्याने वर गेले. काका साठीच्या पुढचे. रेडिओवर हात बसला, मग टीव्ही, मग मॉनिटर, मग मदरबोर्ड. खोलीत सोल्डरचा आणि राळेचा वास. त्यांनी मला स्टूल दिलं आणि म्हणाले, “बसा ताई. तुमच्यासमोरच उघडतो.”

ते ‘तुमच्यासमोरच’ मी अजून विसरलेले नाही.

आधी त्यांनी वाकून नुसता वास घेतला. मग ब्रशने धूळ झाडली, रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी दात खोडरबराने पुसले. शाळेच्या कंपासातलं असतं तसलंच पांढरं खोडरबर. पुण्याच्या पावसाळ्यात त्या दातांवर दमटपणाचा पातळ थर चढतो, दर चार मशीनमागे एक एवढ्यानेच सुरू होतं, म्हणाले. माझं त्याने भागलं नाही. मग मल्टिमीटरची काळी सळई त्यांनी जाड प्लगच्या मागून काळ्या वायरीत खोचली, लाल सळई पिवळ्या वायरीत, आणि मीटर माझ्याकडे फिरवला. “पिवळी म्हणजे बारा व्होल्ट. लाल पाच, नारिंगी तीन पॉइंट तीन. बघा.” आकडा ११.६ होता. “आता तुमचं ते पीडीएफ काढा.” मी फाइल उघडून काम लावलं. आकडा उतरायला लागला. ११.४. ११.२. ११.१ ला पडदा विझला.

“पाच टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे ११.४ पर्यंत. त्याच्याखाली बोर्ड तरी काय करणार?”

भिंतीतले २३० व्होल्ट घ्यायचे, एका दिशेचे करायचे आणि बारा, पाच, तीन पॉइंट तीन असे वाटून द्यायचे, हे काम एसएमपीएसचं. कॅबिनेटच्या कोपऱ्यातली ती पत्र्याची पेटी घेताना कुणी पाहत नाही. प्रोसेसर कुठला, रॅम किती, हे विचारून लोक डबा घेतात, आणि डबा स्वस्तात बसवायचा असला की पहिली काटकसर तिच्यावर होते. काकांनी ती उघडली. (हे घरी कुणीही करू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट साठून राहू शकतात. काकांनी तो आधी रिकामा केला आणि मगच हात घातला.) आतले चार छोटे कॅपॅसिटर त्यांनी चिमट्याने दाखवले. सपाट असायला हवी ती टोपी पुरीसारखी फुगली होती आणि कडेने तपकिरी डिंकासारखं काहीतरी सुकलं होतं. उष्णतेने आतला द्रव आटतो, वीज खडबडीत व्हायला लागते आणि त्या पेटीला जोडलेलं सगळंच आजारी पडतं.

मग त्यांनी मला तोवर कुणीच न विचारलेला प्रश्न विचारला. “घरात अर्थिंग आहे का? डब्याला हात लागला की मुंग्या येतात?” येत होत्या. कित्येक वर्षं येत होत्या. आमच्या वाड्याचं वायरिंग जुनं. तीन भोकांचं सॉकेट बसवलेलं, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कॅपॅसिटर असतात, ते नको असलेली वीज जमिनीत सोडतात. जमीनच जोडलेली नसेल तर पत्र्याच्या अंगावर शंभरच्या वर व्होल्ट तरंगत राहतात. प्रवाह अगदी थोडा, म्हणून नुसत्या मुंग्या येतात. टेस्टर लावला तर पेटतो. ज्या घरात ब्रँडेड संगणक घ्यावा की जुळवलेला यावर आठ-आठ दिवस चर्चा होते, तिथे आधी एकदा टेस्टर लावून पाहावा असं मला फार मनापासून वाटतं.

पहिला बोर्ड खरंच गेला होता का? “तो माझ्यासमोर नाही, मी काही बोलणार नाही,” काका म्हणाले. त्या दुकानाबद्दल वाईट शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. मी फारच खोदलं तेव्हा म्हणाले, “मी आत्ता पाऊण तास दिला. याचे मी दोनशे सांगितले की लोक विचारतात, नुसतं बघायचे? पार्ट टाकला की पाच हजार मुकाट देतात. पोरगं दुकानात बसलंय, भाडं चाललंय. मग तो बघत बसत नाही, बदलून टाकतो.”

मी घरी येताना रिक्षात हाच विचार करत होते, कारण माझ्या धंद्यातही हेच आहे. पान लावण्याचे पैसे मिळतात, पान वाचून लेखकाची चूक काढून देण्याचे मिळत नाहीत. दुरुस्तीवाल्याच्या बिलावर डोळ्यांचं आणि डोक्याचं काम कधी येत नाही. आपणच ते येऊ देत नाही. मग तो ते सुट्या भागाच्या किमतीत लपवतो, आणि लपवायचं म्हटलं की भाग बदलणं भागच पडतं. माझ्या ८,४०० रुपयांतला काही वाटा या सवयीचा होता आणि ती सवय लावणाऱ्यांत मीही होते. डिस्क न विचारता पुसणं मात्र मी आजही माफ केलेलं नाही. कुणाचंही कसलंही लिखाण असो, ते त्याचं असतं.

काकांकडे नंतर मी बऱ्याचदा गेले. कामाला नाही, पाहायला. चिप लेव्हलचं काम म्हणजे काय, ते तिथे पाहिलं. गरम हवेच्या पिस्तुलाने नखाएवढी चिप सोडवायची, मेलेल्या बोर्डावरून तसलीच दुसरी काढून बसवायची. अशा मेलेल्या बोर्डांना ते डोनर म्हणतात, रक्तदात्यासारखं. हे करायला बोर्डाचा नकाशा लागतो, आणि आज बोर्ड बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या तो बाहेर देत नाहीत. कारागीर लोक तो कुठून कुठून मिळवतात, एकमेकांना पोचवतात.

ज्या यंत्रापासून आपला हा डबा जन्मला त्याचा नकाशा मात्र कंपनीने स्वतःच छापला होता. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला तेव्हा त्यासोबत विकत मिळणाऱ्या तांत्रिक पुस्तकात सर्किटच्या आकृत्या होत्या, इतकंच काय, बायॉसचा, म्हणजे यंत्र जागं करणाऱ्या प्रोग्रॅमचा, सगळा मजकूर ओळीने छापला होता. आत पाच रिकामे स्लॉट, कुणीही कार्ड बनवावं आणि लावावं. बायॉसवर हक्क आयबीएमचा होता, तेव्हा कॉम्पॅकने तो न पाहिलेल्या वेगळ्या माणसांकडून तसंच चालणारा बायॉस लिहवून घेतला, आणि मग जगभर त्या यंत्राची भावंडं निघाली. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाचं माप ठरवून दिलं: बोर्डाची भोकं कुठे, एसएमपीएस केवढा, मागची खिडकी किती लांबरुंद. तीस वर्षं होऊन गेली तरी आजचा बोर्ड तेव्हाच्या कॅबिनेटमध्ये स्क्रूला स्क्रू लागून बसतो. कुणीतरी मापं जाहीर केली, म्हणून मुंबईचा लॅमिंग्टन रोड उभा राहिला.

ग्रँट रोड स्टेशनाच्या पूर्वेला उतरून चालत गेलं की पाच मिनिटांत तो रस्ता लागतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, बोलण्यात अजून १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचंच नाव. रेडिओच्या भागांचा बाजार संगणकाच्या भागांचा झाला, आणि नव्वदच्या दशकात मराठी मध्यमवर्गाच्या घरात आलेला पहिला संगणक बहुधा अशाच कुठल्यातरी रस्त्यावर जुळलेला होता. गावोगावच्या एमएस-सीआयटीच्या वर्गांतून आपण तो चालवायला शिकलो. कॅबिनेटचे दोन स्क्रू काढून आत पाहायला आपल्याला कुणी सांगितलं नाही. आयटीआयमध्ये हार्डवेअर दुरुस्तीचा अभ्यासक्रम आहे, पण तो धंदा शिकणाऱ्यांसाठी. घरच्या माणसासाठी नाही.

२०२३च्या डिसेंबरात मी आणि माझी बारावीतली लेक नवा संगणक घ्यायला लॅमिंग्टन रोडला गेलो. या वेळी डबा आम्हीच जुळवायचा, असं तिने ठरवलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. एका चिंचोळ्या दुकानात गल्ल्यामागच्या गृहस्थांनी आमची यादी वाचली आणि पहिला प्रश्न केला, “काम काय करता?” डीटीपी म्हटल्यावर त्यांनी ग्राफिक्स कार्डावर काट मारली. बारा हजारांची वस्तू होती, त्यांचा नफा बुडाला, पण म्हणाले, “प्रोसेसर शेवटी एफ नसलेला घ्या, त्यात डिस्प्ले असतो. कार्ड नको.” वाचलेल्या पैशांतून एसएमपीएस चांगला घ्यायला लावला. प्रोसेसर १५,२००, बोर्ड ११,५००, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम ३,६००, एसएसडी २,९००, एसएमपीएस ४,१००, कॅबिनेट ३,२००. एकूण ४०,५००, पक्क्या बिलावर, प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून. याच तोडीचा तयार ब्रँडेड डबा मला पन्नास हजारांच्या आसपास सांगितला होता.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. वाड्यात तोवर अर्थिंग करून घेतलं होतं. बोर्डावर प्रोसेसरचं घर असतं, तिथे १,७०० बारीक पिना, दव पडलेल्या गवतासारख्या चमकत होत्या. एक वाकली की बोर्ड संपला. प्रोसेसरच्या कोपऱ्यात इवलासा त्रिकोण, घराच्या कोपऱ्यात तसाच त्रिकोण. ते जुळवून तो नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. मग बाजूची कडी खाली ओढायची. ती कडी करकरते. वस्तू मोडतेय असाच आवाज येतो. लेकीने हात मागे घेतला, “आई, तू कर.” मी दाबलं. तिथे लागणारा जोर पुस्तकात वाचून कळत नाही, तो हातालाच कळतो. पंख्याचे चार पाय समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दाबत गेलो, च्युइंगमच्या पट्टीएवढी एसएसडी तिरकी खोचून आडवी केली, रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवली. अडीच तास लागले. बटण दाबलं. पंखा फिरला, आणि पडदा काळा.

डिस्प्ले नाही.

चार महिन्यांपूर्वी याच क्षणी मी दुकानाला फोन केला होता. आता मी खाली वाकून पाहिलं. बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. सुरू होताना बोर्ड एकेकाची हजेरी घेतो आणि जिथे अडतो तो दिवा लागलेला ठेवतो. दुसरा दिवा लागलेला होता. प्लग काढला, रॅम काढून परत लावली, अंगठ्याने दाबली तेव्हा चौथ्या खाचेतून ‘टक’ असा आवाज आला. मघाशी तो आलाच नव्हता. पडद्यावर अक्षरं उमटली तेव्हा लेक खुर्चीवर उभी राहिली. रात्रीचे पावणेदोन झाले होते.

स्वतः जुळवलं म्हणजे दुरुस्तीची कटकट मिटली, असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. ब्रँडेड डबा बिघडला तर एक नंबर फिरवायचा असतो. आपल्या डब्यात सहा भाग, सहा कंपन्या, सहा वेगळ्या वॉरंटी. कुठला भाग गेला हे आधी आपण शोधायचं, मग त्या कंपनीच्या केंद्रावर जायचं, बिल दाखवायचं, दोन-तीन आठवडे वाट पाहायची. २०२४च्या पावसाळ्यात माझी एक रॅम गेली तेव्हा मी हे सगळं केलं. पण त्या दोन आठवड्यांत दुसऱ्या पट्टीवर काम चालू राहिलं, आणि कोणती गेली हे मला सांगायला तिसरा माणूस लागला नाही. घाईच्या माणसाने तयार डबा घ्यावा, त्यात कमीपणा नाही. एकदा झाकण उघडून मात्र घ्यावं.

आणि ते झाकण आता दिवसेंदिवस घट्ट होत चाललंय. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते. ती गेली की खोडरबर घेऊन कुठे घासणार? २०२२च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्या डिसेंबरात त्याचं पोर्टलही सुरू झालं. पण माझ्या काकांच्या टेबलावर अजून कुठल्या कंपनीचा नकाशा स्वतःहून आलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबला. माझ्या २०१६च्या डब्यात सहाव्या पिढीचा प्रोसेसर आहे, त्याला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. यंत्र धडधाकट, नवा एसएमपीएस घातल्यापासून एकदाही बंद पडलेलं नाही. त्यात माझ्या वीस वर्षांच्या पेजमेकरच्या फाइली आहेत आणि जुन्या फाँटचा डोंगल. मी त्याची इंटरनेटची वायर काढून ठेवली आणि त्याला कामावर ठेवलं.

२०२५च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीला मागणी लावली आणि रॅमचे भाव दुपटीच्याही वर गेले. तेव्हापासून माझ्याकडे ओळखीच्यांचे डबे जास्तच यायला लागलेत. नवा घेणं परवडत नाही, म्हणून “जरा बघतेस का?” बरेचसे ब्रशने आणि खोडरबराने सुरू होतात. एकात पालीची अंडी निघाली होती.

मध्यंतरी एका समव्यावसायिक मैत्रिणीचा आला, तो माझ्याने होईना. काकांकडे घेऊन गेले. त्यांनी बोर्डावर ब्रशने अल्कोहोल फासलं आणि अगदी कमी व्होल्ट सोडले. ओला बोर्ड हळूहळू वाळायला लागला, पण एका ठिकाणी तो क्षणात कोरडा झाला. तिळाएवढा कॅपॅसिटर शॉर्ट होऊन तापत होता. काकांनी चिमट्याने उचलून माझ्या तळहातावर ठेवला. तासभर गेला होता. नव्या तिळाची किंमत दोन रुपये.

“पाचशे द्या ताई.”

मी बिल मागितलं. त्यांनी ‘कॅपॅसिटर’ लिहायला घेतलं. मी म्हटलं, काका, कॅपॅसिटरचे दोनच लिहा. त्याच्यावर ‘तपासणी’ लिहा, ४९८ रुपये. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा वर सरकवला आणि पेन टेकवून थांबले. “तपासणीचा णी दुसरा ना हो?”

“दुसरा,” मी म्हटलं.